दारचा राखणदार आणि गुरांचा दवाखाना



पोळ्याच्या दिवशी आपल्या घरी बैलांचे कसे कोडकौतुक होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिंगे रंगवतात, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा घास भरवतात. गाय विते तेव्हा घरातली आजी रात्रभर गोठ्यात बसते. शेळी पान टाकून उभी राहिली तरी कारभारणीचा जीव खालीवर होतो. पण त्याच घराच्या उंबऱ्याशी आणखी एक जीव असतो. रात्री कोणी अनोळखी माणूस वाटेला लागला की पहिली हाक तो देतो. खळ्यावर आपण घोंगडी पांघरून झोपतो, तेव्हा जागा तो असतो. त्याला आपण मोत्या म्हणतो, वाघ्या म्हणतो, राजा म्हणतो. आणि चुलीशेजारी पाय पोटाशी घेऊन एक मनीही बसलेली असते. या दोघांचा पोळा कधी येतो?

मी गुरांचा डॉक्टर. माझी सारी नोकरी तालुक्याच्या आणि खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत गेली. एकदा एक म्हातारबाबा लाळ-खुरकुताची लस टोचायला दोन बैल घेऊन आले. गाडीमागे जीभ बाहेर काढून त्यांचा कुत्राही आला होता. बैलांचे काम झाले. मी सहज विचारले, "बाबा, याला लस दिलीय का?" म्हातारबाबा मोठ्याने हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बैलाला टोचलं तर नांगर चालंल. मोत्याला टोचून काय मोट ओढायचीय? कुत्र्याला कसली आलीय लस!"

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या एका प्रश्नावरच. कुत्र्याला कसली आलीय लस?

उत्तर देण्याआधी एक जुनी गोष्ट आठवू या. बुळकांडी हा शब्द तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी नक्की ऐकलेला असेल. हा रोग गावात शिरला की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. बैल गेले की पेरणी गेली, आणि पेरणी गेली की घर बसले. या रोगांचा अभ्यास करायला 1889 साली आपल्या पुण्यातच एक प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांनी, 1893 मध्ये, ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली. तिथे पुढे बुळकांडीवर लस तयार झाली. 1954 साली देशभर लस टोचण्याची मोहीम सुरू झाली. सुरुवातीला लोक गुरे लपवून ठेवत. लस टोचली की गाय आटते, बैल खचतो, अशा कंड्या पिकत. तरी ते काम वर्षानुवर्षे चालू राहिले. 1995 नंतर आपल्या देशात बुळकांडी दिसली नाही, 2006 मध्ये देश तिच्यापासून मुक्त ठरला, आणि 2011 साली साऱ्या जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. जनावरांचा एक अख्खा रोग पृथ्वीवरून गेला! तो कशाने गेला? अंगाऱ्याने नव्हे. वेळच्या वेळी, न चुकता, निरोगी जनावराला लस टोचल्याने गेला.

या वाक्यातला 'निरोगी' हा शब्द ध्यानात ठेवा. आपली खरी अडचण तिथेच आहे. जनावर आडवे पडले की आपण धावतो. ते उभे असते, खात असते, तोवर दवाखान्याची वाट कोणी धरत नाही. आणि कुत्र्याच्या बाबतीत तर ते आडवे पडले तरी धरत नाही. "जगलं तर जगलं," म्हणतो आणि सोडून देतो. पण कुत्र्याचे काही रोग असे आहेत, की कुत्रा जातो तो एकटा जात नाही.

त्यांतला पहिला म्हणजे पिसाळण्याचा रोग, रेबीज. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून पसरतो. चावा झाला, ओरखडा निघाला, किंवा उघड्या जखमेवर त्याने चाटले, की रोगाचे विषाणू अंगात शिरतात आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्षही लागते. तोवर माणूस ठणठणीत दिसतो. पण एकदा का लक्षणे दिसू लागली, की मग जवळजवळ कोणताच उपाय चालत नाही. माणसांना हा रोग होतो तो शंभरांत नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे याने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतली सुमारे एकतृतीयांश एकट्या आपल्या देशातली. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कुत्रे चावलेल्या माणसांत लहान मुले फार असतात.

आता मी तुम्हाला एक हकीकत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. ते तुमच्याआमच्यासारखेच एक गाव आहे.

तिसरी-चौथीतला एक मुलगा होता. शाळेतून येताना त्याला रस्त्याकडेला कुत्र्याचे एक पिल्लू सापडले. बाप रागावेल म्हणून त्याने ते गुरांच्या वैरणीमागे ठेवले. आपल्या वाटणीची भाकरी त्याला चारायचा. शाळेतली पोरेही खेळायला यायची. एक दिवस खेळता खेळता पिल्लाने त्याच्या बोटाला दात लावले. जखम ती केवढी? बाभळीचा काटा लागावा एवढी. पोराने तिच्यावर माती दाबली आणि गप्प राहिला. सांगितले असते, तर पिल्लू घराबाहेर गेले असते ना! चार दिवसांनी पिल्लू मेले. पोरांनी त्याला बांधावर पुरले, वर फुले ठेवली. घरच्यांना यातले काहीच ठाऊक नाही.

दोन महिने झाले. पोराच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, अंगात ताप भरला. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर घोट घशाखाली उतरेना. पाणी नुसते दिसले तरी पोर घाबरे व्हायचे. जिल्ह्याच्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा कुठे पोराने पिल्लाची गोष्ट सांगितली. ते पोर घरी परत आले नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्या शाळेचे गुरुजी माझ्या दवाखान्यात आले. डोळे लाल झालेले, बगलेत हजेरीपट. मला म्हणाले, "डॉक्टर, त्या पिल्लाशी आणखी कोण कोण खेळलं ते मी एकेका पोराला जवळ घेऊन विचारलंय. कोणाला ओरडलो नाही. अकरा नावं निघाली. यांचं काय करू?" मी म्हटले, "गुरुजी, वेळ घालवू नका. उशीर झाला असला तरी लस द्यायचीच." गुरुजींनी ती अकराही मुले गाडी करून सरकारी इस्पितळात नेली. पुढची इंजेक्शने ज्या ज्या तारखेला होती, त्या त्या तारखेला स्वतः नेली. आज ती मुले मोठी झाली आहेत. त्यांतल्या एकाचे लग्नही झाले.

श्रोतेहो, ते पिल्लू वाईट नव्हते आणि तो मुलगाही चुकला नाही. त्याने एका पोरक्या जिवावर माया केली. चुकलो आपण मोठी माणसे. पिल्लालाही हा रोग होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आणि चावल्याचे सांगितले तर मार बसणार नाही, असा भरवसा त्याला कोणी दिलेला नव्हता.

तेव्हा चावा झाला तर काय करायचे, ते नीट ऐका. पहिली गोष्ट, जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पुरती 15 मिनिटे धुवा. घड्याळ नसेल तर दोन हंडे पाणी संपेपर्यंत धुवा. विषाणूचा बराचसा नायनाट तिथेच होतो. जखमेत तिखट भरू नका, चुना लावू नका, हळद, तेल, माती, काही काही लावू नका. तिखटाने पोराला आग होते, विषाणूला होत नाही! मांत्रिकाकडे, उतारा करणाऱ्याकडे जाण्यात तास घालवू नका. दुसरी गोष्ट, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने लोक टाळाटाळ करीत. ती जुनी लस आता राहिलेली नाही. आताची लस दंडात देतात आणि ती मोजक्याच वेळा घ्यावी लागते. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे आणखी एक औषध देतात. ते आवर्जून विचारा. आणि तिसरी गोष्ट, डॉक्टर कागदावर तारखा लिहून देतील, त्यांतली एकही चुकवू नका.

माणसाला चावल्यावर लस देता येते, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1885 साली दाखवले. पिसाळलेल्या कुत्र्याने फाडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या लसीने वाचला. तो दिवस होता 6 जुलै. म्हणजे या रोगावरचा उपाय सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या हाती आहे. पण त्याहूनही स्वस्त आणि सोपा उपाय दुसराच आहे. चावणाऱ्यालाच आधी लस द्या. गावातल्या शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाला पुढे जायला वाटच उरत नाही, असे जाणकार सांगतात. म्हातारबाबांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मोत्याला टोचायचे ते मोट ओढण्यासाठी नव्हे. ते नातवासाठी टोचायचे.

एक गोष्ट गोठ्यापुरती सांगतो. गाय-म्हैस पिसाळली, तर ती नेहमीच मारायला धावते असे नाही. कधी नुसती लाळ गाळते, घोगरे हंबरते, गिळता येत नाही म्हणून मान ताणते. आपल्याला वाटते, घशात काही अडकले. मग कोणी धाडसी गडी कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. असे कधीही करू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

आता वर्षभराच्या निगेकडे वळू या. ती काही अवघड नाही. आपण पंचांग पाहतो तितकीच सोपी आहे.

पिल्लू घरी आले, की प्रथम जंताचे औषध. बहुतेक पिल्ले आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात. पोट नगाऱ्यासारखे, पाय काडीसारखे, केस राठ. आपल्याला वाटते, खाऊन खाऊन गरगरीत झालेय. ते खाणे जंतांच्या पोटी जात असते! पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर असते, म्हणून ती डॉक्टरांकडूनच घ्यावी. या जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या तोंडात जातात. म्हणजे कुत्र्याला दिलेले औषध पोरालाही लागू पडते म्हणा ना.

जत्रेत, कंदुरीत बोकड कापला, की आतडी-काळीज कुत्र्यांपुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. मेंढपाळांच्या वाड्यावरही तेच होते. त्या काळजात, फुप्फुसात कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या खाऊन कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, की माणसाच्या यकृतात तशीच गाठ धरते आणि मग शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणून अशी गाठ असलेले मांस कुत्र्याला घालू नका. खोल खड्ड्यात पुरा.

दीड-दोन महिन्यांचे पिल्लू झाले, की डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरची लस सुरू करावी आणि चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिची मात्रा द्यावी. पार्व्होत पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत जाते. लोक म्हणतात, कोणी विष घातले; पुष्कळदा शेजाऱ्याशी भांडणही होते. विष कोणी घातलेले नसते, लस राहिलेली असते. तिसरा महिना पुरा झाला, की रेबीजची लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी तिची पुनरावृत्ती. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे विसरू नका. मनीचा ओरखडाही कुत्र्याच्या चाव्याइतकाच घातक ठरू शकतो.

पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा पाहाव्या. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड लपून बसतात आणि रक्तातले ताप देतात. कुत्रे सुस्त झाले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर "उन्हानं असेल" म्हणून सोडून देऊ नका. पिकावर मारायचे औषध मात्र कुत्र्याच्या अंगाला चोळू नका. ते चाटून किती तरी कुत्री मेलेली मी पाहिली आहेत.

तसेच माणसाच्या गोळ्यांचे. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. 101 ते 102 अंश हा त्याचा निरोगी उष्मा. आपण हात लावतो, ताप आहे समजतो आणि घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी भाकरीतून देतो. मांजराला तर ती एक गोळी प्राण घ्यायला पुरते. मायेने दिलेले विष, दुसरे काय!

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि 63 दिवसांत विते. पाच-सहा पिल्ले होतात. ती पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडणे हा उपाय नव्हे. ते आपले पाप दुसऱ्याच्या दारी टाकणे झाले. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया होते. कुत्रीला तिचा काही अपाय होत नाही, उलट पुढे गर्भाशयात पू होण्याचे दुखणे टळते.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, हे सगळे खरे, पण कुत्र्याला दवाखान्यात न्यायचे कसे? ते तर दोरी दिसली की पळते. त्यावर युक्ती अशी. पिल्लू असल्यापासून गळ्यात पट्टा आणि दोरीची सवय लावा. दोन-चार वेळा काही टोचून न घेता नुसतेच दवाखान्यात आणा. गूळ-भाकरीचा तुकडा हातावर द्या. त्याला ती जागा ओळखीची झाली पाहिजे. टोचायच्या वेळी ओळखीच्या माणसाने जवळ राहावे आणि मऊ कापडाची पट्टी तोंडाभोवती बांधावी. येण्याआधी लस कोणत्या दिवशी मिळते ते दवाखान्यात विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडायचा नाही. जनावर हलवण्यासारखे नसेल, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा फोन क्रमांक आहे. आणि लस टोचल्याचे कार्ड हरवू नका. सातबारा ठेवता, त्याच पिशवीत ठेवा.

शेवटी दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींशी. त्या गुरुजींनी पुढे काय केले, ते सांगतो. त्यांनी शाळेत एक नवा हजेरीपट सुरू केला, कुत्र्यांचा! मुले आपापल्या आळीतल्या कुत्र्यांची नावे लिहून आणत. मोत्या, वाघ्या, टिप्या, काळू. पुढे मालकाचे नाव, लस दिल्याची तारीख, जंताच्या औषधाची तारीख. ज्याला मालक नाही, त्याच्यापुढे आळीचे नाव. दरवर्षी 28 सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर यांच्या पुण्यतिथीला, जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास आमच्या दवाखान्याची माणसे गावात जात आणि गुरुजी शाळेच्या पटांगणात हजेरी घेत. पहिल्या वर्षी पाच-सहाच कुत्री आली. पुढे मुलेच आईबापांच्या मागे लागू लागली. आणि वर्ग सुरू होताना गुरुजी दर सोमवारी एक प्रश्न विचारीत, "कोणाला काही चावलं, ओरबाडलं का? सांगा, कोणी रागावणार नाही." शिक्षकहो, यापलीकडे काही जमले नाही तरी चालेल. पण हा एक प्रश्न तुमच्या वर्गात विचारा. त्याला खर्च नाही.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा महाराज काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी पोळी त्याला कशी जाईल म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. ती माया आपल्या मातीतली आहे. तिला थोडी नियमाची जोड द्यायची, एवढेच मागणे आहे.

ते म्हातारबाबा? पुढल्या वर्षी तेही आले. यंदा बैल नव्हते. एकटा मोत्या होता, आणि त्याच्या गळ्यात पोळ्याचा उरलेला लाल गोंडा बांधलेला. मी म्हटले, "काय बाबा, मोट ओढायला लावता काय याला?" म्हातारबाबा म्हणाले, "न्हाई साहेब. घरात नातू रांगाया लागलाय. टोचा."